दुसरीसाठी निवडलेली खुर्ची

चर्चच्या कमिटीत ठराव मांडला गेरिट स्टीनवाइकनं, अनुमोदन दिलं कुणीतरी, आणि तो लिहून घ्यायचं काम आलं आर्डिथ ब्राउवरकडे. चर्चच्या नव्या सेक्रेटरीसाठी पाठीला नीट आधार देणारी खुर्ची विकत घ्यावी. टेबलाभोवतीचे सगळे हात वर गेले. आर्डिथनं लिहिलं, 'सर्वानुमते', आणि पेन इतकं दाबलं की अक्षरं खालच्या पानावर उमटली.

ज्या नव्या सेक्रेटरीसाठी हे चाललं होतं ती येऊन पुरता आठवडाही झाला नव्हता. आर्डिथ मात्र या ऑफिसात इतकी वर्षं बसत होती की चर्चचे तीन पाळक, म्हणजे धर्मगुरू, आले आणि गेले. बसत होती ती कुठल्याशा जुन्या पाळकानं टाकून दिलेल्या ओकच्या फिरत्या खुर्चीवर. तिचं एक चाक लंगडं होतं. वर आर्डिथनं स्वतः विणलेली एक गादी. दुपार कलली की तिच्या कमरेत कळ यायची, मग ती फायलींच्या कपाटाशी जाऊन काहीतरी शोधण्याचं सोंग करत उभी राहायची, म्हणजे तेवढीच पाठ मोकळी व्हायची. तिच्यासाठी कुणी ठराव मांडला नाही.

आणि माणसं कोण, तर झीलंड गावची. या गावात पिकतात त्या खुर्च्या. शिकागो-न्यूयॉर्कच्या ऑफिसांतली माणसं ज्यांच्यावर बसतात त्या खुर्च्या इथल्या कारखान्यांतून जातात. टेबलाभोवती बसलेल्यांपैकी गेरिट कारखान्यात मुकादम होता, त्याच्या शेजारचा बैठकीचा फोम कापायचा, पलीकडचा खुर्च्या विकायला गावोगाव हिंडायचा. आर्डिथचा नवरा व्हर्न तर जन्मभर खुर्च्यांच्या पाठी जोडत आला होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

नवी मुलगी ब्रिन टर हार. तिशीतली, चणीनं लहान, गव्हाळ केसांची, सतत काहीतरी गुणगुणणारी. आर्डिथ उन्हाळ्यात निवृत्त होणार होती, तोवर तिनं ब्रिनला काम शिकवायचं असं ठरलं होतं. पहिल्या दिवशी आर्डिथनं तिला किल्ल्या दिल्या, रविवारचं पत्रक छापायचं मशीन दाखवलं आणि शेवटी आपल्या खुर्चीकडे बोट केलं. ब्रिन बसली. उठली. खुर्चीभोवती एक चक्कर मारून आली.

"मिसेस ब्राउवर, ही पाहुण्यांची असेल ना? आपली बसायची कुठंय?"

"हीच."

"ही?" ब्रिन हसली. त्या हसण्यात कपट नव्हतं, आणि तेच आर्डिथला जास्त झोंबलं. "तुम्ही हिच्यावर बसलात? एवढी वर्षं?"

दुपारी जेवणाच्या सुट्टीत ब्रिननं सरळ गेरिटला फोन लावला. आर्डिथ समोरच सँडविच खात होती. "मिस्टर स्टीनवाइक, माझ्या पाठीचं मी तुम्हाला सांगितलं होतं. बर्फावरून गाडी घसरली तेव्हापासूनचं. मला इथं बसायला नीट खुर्ची लागेल." बस्, एवढंच. पलीकडून गेरिटचा आवाज आर्डिथला ऐकू आला, "लागेलच की! बघू आपण."

आर्डिथनं हातातलं सँडविच खाली ठेवलं. कानामागून आली आणि तिखट झाली, ती ही अशी.

ठराव झाला त्या संध्याकाळी वाटाण्याच्या सुपाचं भांडं टेबलावर आपटून तिनं व्हर्नला सगळं सांगितलं. व्हर्न शांतपणे सूप फुंकत ऐकत होता.

"बरं झालं," तो म्हणाला. "रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही. पोरीनं तोंड उघडलं, मिळालं तिला."

"म्हणजे मी काय रडायला हवं होतं?"

"मागायला हवं होतं. आणि कमिटीचं सोड, मी आणली नव्हती का एक? कामगारांना स्वस्तात मिळायच्या तेव्हा. गाडीत घालून चर्चपर्यंत नेली होती. तू परत पाठवलीस."

पाठवली होती खरी. लोक काय म्हणतील, देवाच्या घरात पैन्पै मिशनसाठी गोळा करतोय आणि सेक्रेटरी रेलून बसलीय! तेव्हा तिला वाटलं होतं, आपण त्या लाकडी खुर्चीवर बसतो हे कधीतरी कुणाच्या तरी लक्षात येईल. कुणीतरी म्हणेल, आर्डिथ, काय तुझी सोसायची ताकद! इतक्या वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नाही. आलं ते या कालच्या पोरीच्या, आणि तिला हसू आलं.

एवढ्यात फोन वाजला. गेरिट होता.

"आर्डिथ, त्या खुर्चीचं. शनिवारी तू जा ब्रिनबरोबर. ती बिचारी रंग बघून घेऊन येईल. तुला कळतं त्यातलं, व्हर्नची बायको तू."

"मी?"

"मग कोण? तू म्हणशील ती घ्यायची."

तिनं फोन ठेवला तेव्हा व्हर्न जेवणाच्या खुर्चीवर ताठ बसून तिला धडा द्यायला तयारच होता. त्याचा आवडता विषय. "हे बघ. पावलं जमिनीवर सपाट पडली पाहिजेत. मांडीला बैठक लागली पाहिजे, पण गुडघ्यामागं आणि बैठकीच्या कडेत दोन-तीन बोटं जाऊ देत. नाही गेली तर पाय मुंग्यांनी भरतात. कमरेची खोलगट जागा असते ना, तिथंच खुर्चीचा फुगवटा यायला हवा. वर नाही, खाली नाही. आणि टेबलावर हात ठेवले की खांदे कानाला भिडता कामा नयेत. बाकी सगळी नुसती ऐट."

"माहितीय मला."

"आणि एकाची खुर्ची दुसऱ्याला होत नाही. बुटासारखं असतं ते."

"माहितीय म्हटलं ना, व्हर्न!"

शनिवारी दोघी ब्रिनच्या गाडीतून ग्रँड रॅपिड्सच्या रस्त्यावरच्या मोठ्या दुकानात गेल्या. वाटेत ब्रिन बडबडत होती. नवऱ्याची कामाची पाळी, मुलीची पियानोची शिकवणी, अपघातानंतर वर्षभर घरात कसं काढलं ते. "माझ्यासाठी सुट्टीचा दिवस घालवताय तुम्ही, मिसेस ब्राउवर. मला फार बरं वाटलं. माझी आई असती तर तीच आली असती." आर्डिथ खिडकीतून बाहेर बघत राहिली. मार्च संपत आला होता, शेतांच्या कडेला काळपट बर्फ उरला होता.

दुकानात खुर्च्यांच्या रांगाच रांगा. ड्वेन नावाचा एक विक्रेता मागे मागे फिरत होता, पण अंगावर येत नव्हता. ब्रिन एकेका खुर्चीवर बसायची, डोळे मिटायची, उठायची. होता होता ती एका राखाडी खुर्चीवर बसली आणि तिनं डोळे उघडलेच नाहीत. खुर्ची लहान होती, दिसायला अगदीच साधी. आर्डिथची नजर आपोआप खाली गेली. पावलं सपाट. गुडघ्यामागं तीन बोटं. फुगवटा नेमका कमरेत. व्हर्न असता तर त्यानं टोपी काढून सलाम केला असता.

"ही बरी वाटतेय," ब्रिन डोळे न उघडताच म्हणाली. "दिसायला जरा गरीब आहे, नाही?"

 आर्डिथचेही पाय भरून आले होते, म्हणून ती शेजारच्या एका खुर्चीवर टेकली. गडद हिरव्या कापडाची, उंच पाठीची, खोल बैठकीची खुर्ची. टेकली आणि काय झालं ते तिचं तिलाच कळेना. आर्डिथ उंच, मोठ्या हाडापेराची बाई. कुठल्याही खुर्चीत तिचे गुडघे वर यायचे, पाठीचा वरचा भाग हवेत राहायचा. या खुर्चीनं तिला मांडीपासून खांद्यापर्यंत अलगद उचलून धरलं. कमरेत बारा महिने तेवत असलेली कळ मावळली. अंगातून एक लांब उसासा निघाला आणि डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

 हे असं असतं होय! रोज सकाळी ऑफिसात यायचं आणि हे असं बसायचं! आणि हे मिळणार कुणाला, तर हिला. जिचं अजून एक रविवारचं पत्रक धड छापून झालं नाही, तिला.

"ती कशी आहे?" ब्रिननं विचारलं. "तुमचा चेहराच बदललाय."

"ही घे," आर्डिथ म्हणाली.

शब्द तोंडातून गेल्यावर तिनं ते ऐकले. परत घेता आले असते. तिनं घेतले नाहीत.

ब्रिन हिरव्या खुर्चीत बसली. त्या खोल बैठकीत ती आजोबांच्या कोटात शिरलेल्या नातीसारखी दिसत होती. बैठक पार खाली घेतली तरी टाचा अधांतरी. "माझे पाय पोचत नाहीत, मिसेस ब्राउवर."

"सवय होते. पायाखाली काहीतरी घ्यायचं. त्या राखाडीत काय आहे? चर्चचं ऑफिस आहे ते, येणाऱ्या माणसाला जरा भारदस्त दिसायला हवं."

"बाई, बैठकीची खोली जरा..." ड्वेन पुढं होऊन म्हणाला.

"माझ्या नवऱ्यानं जन्मभर खुर्च्या जोडल्या," आर्डिथनं त्याच्याकडे न बघता त्याला तोडलं.

ड्वेन मागं सरला. ब्रिन एकदा राखाडी खुर्चीकडे, एकदा आर्डिथकडे बघत राहिली. मग तिचा चेहरा मोकळा झाला. "तुम्ही म्हणताय तर हीच. मला काय कळतंय त्यातलं!"

परतीच्या वाटेवर आर्डिथला तोंड कोरडं पडल्यासारखं वाटत होतं. पण आत कुठंतरी, खोल, एक गारवाही होता. बघू आता कशी गुणगुणते ते.

हिरवी खुर्ची आली. पाळकांनी कौतुक केलं, कमिटीतले दोघं येऊन बसून गेले. ब्रिन पहिले काही दिवस फार खुशीत असल्यासारखी वागली. मग आर्डिथला टेबलाखाली जुन्या गीतपुस्तकांची चवड दिसली. ब्रिन त्यांच्यावर पाय ठेवून बसत होती. पुढच्या आठवड्यात ती खुर्चीच्या अगदी कडेला टेकून काम करायला लागली, पाठीमागं एवढी मोठी पाठ उभी आणि हिची पाठ हवेत. गुणगुणणं थांबलं. उठताना ती टेबलाचा आधार घ्यायला लागली.

"खुर्ची ठीक आहे ना?" एकदा आर्डिथनं विचारलं.

"छान आहे हो!" ब्रिन घाईनं म्हणाली. "तुम्ही एवढ्या मायेनं निवडलीत. माझीच पाठ आळशी आहे."

मग ब्रिनला आठवड्यातून दोन सकाळी व्यायाम करून घेणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे जावं लागायला लागलं. त्या सकाळी ऑफिस सांभाळायचं आर्डिथनं. आर्डिथ यायची, दार लावायची, गीतपुस्तकं पायानं बाजूला सारायची आणि हिरव्या खुर्चीत बसायची. हीटरची कुजबुज, खिडकीतलं कोवळं ऊन, आणि पाठीला तो आधार. दुपार झाली तरी कपाटाशी जाऊन उभं राहायची गरज पडायची नाही. हळूहळू ती त्या दिवसांची वाट बघायला लागली. आदल्या संध्याकाळी ब्लाउज इस्त्री करताना तोंडातून एखादं गाणं यायचं. ते कुणाच्या दुखण्यावर उगवलेलं आहे हे तिला पक्कं माहीत होतं. तरी यायचं.

चर्चमध्ये मात्र कुजबुज सुरू झाली होती. एका रविवारी उपासनेनंतर कॉफीच्या वेळी गेरिटची बायको लोइस बदामाची पेस्ट्री तोडत म्हणाली, "एवढी खुर्ची घेऊन दिली, तरी बाईसाहेबांचं दुखणं चालूच. तू लाकडावर बसून कधी हूं की चूं केलं नाहीस, आर्डिथ."

हेच ऐकायला आर्डिथचे कान इतकी वर्षं तहानले होते. आता ते अमृतासारखं लागायला हवं होतं. लागलंही थोडं. "आजकालच्या मुलींना सवय नसते," ती म्हणाली आणि साखर नसलेली कॉफी उगाचच ढवळत राहिली. वर बघितलं तर ब्रिन दारात होती, मुलीचा कोट हातावर घेऊन. तिनं ऐकलं की नाही ते कळलं नाही. ती हसून हात हलवून गेली.

मे महिन्यात एका सकाळी गेरिट ऑफिसात आला आणि दार लोटून घेऊन पाहुण्यांच्या खुर्चीवर बसला. खिशातून पेपरमिंट काढून बोटांत फिरवत राहिला.

"आर्डिथ, पोरगी कामाला वाईट नाही," त्यानं सुरुवात केली. "पण दोन दोन सकाळी गैरहजर. कमिटीत बोलणं चाललंय. तिला कायम करायचं का, हा प्रश्न आहे. तू आणखी वर्षभर थांबशील? खरं सांगू, तुझ्याशिवाय इथलं पान हलत नाही."

 सुंठीवाचून खोकला जात होता. आर्डिथला काही करायचंही नव्हतं, नुसतं 'बघते' म्हणायचं होतं. नोकरी राहत होती, मान राहत होता, आणि हिरवी खुर्ची तर बुडाखालीच होती.

"आता खुर्चीला तरी कसं नाव ठेवणार?" गेरिट पुढं म्हणाला. "तुला बघतोय ना मी, कशी राणीसारखी सरळ बसलीयस. म्हणजे खुर्चीत खोट नाही. खोट त्या पोरीत आहे."

आर्डिथ उठून उभी राहिली. का ते तिलाही सांगता आलं नसतं. त्या खुर्चीत बसून ते वाक्य ऐकवेना, एवढंच.

"खुर्ची माझ्या मापाची आहे, गेरिट."

"म्हणजे?"

"म्हणजे तिच्या मापाची नाही. तिचे पाय पोचत नाहीत. पाठ टेकवायला गेली तर गुडघ्यामागं कड रुतते. तू मुकादम होतास, टेबलाखाली वाकून बघ, गीतपुस्तकं आहेत."

गेरिटनं खरंच वाकून बघितलं. वर आला तेव्हा त्याचा चेहरा लाल झाला होता. "मग तू... निवडताना चुकलीस?"

पळवाट समोर होती. 'हो' म्हटलं की सुटका. माणूस चुकतोच.

"नाही," आर्डिथ म्हणाली. "मला माहीत होतं."

 गेरिटनं पेपरमिंट परत खिशात टाकलं. "व्हर्नला ठाऊक आहे हे?"

"नाही."

"हं." तो उठला. "कमिटीला मी सांगतो, खुर्ची बदलायची आहे. कारण सांगत बसणार नाही. पण पोरीला तू सांगायचं." दाराशी जाऊन तो थबकला. "एवढं मनात होतं तर बोलायचं होतंस ना, आर्डिथ. तुलाही घेतली असती."

"तुम्ही सगळे खुर्च्याच बनवत होतात ना?" तिचा आवाज चिरकला. "दर आठवड्याला इथं येऊन माझ्यासमोर उभे राहत होतात. तुम्हाला दिसायला नको होतं?"

गेरिटनं दार उघडलं. तो गेला.

ब्रिन दुपारी आली. आर्डिथनं तिला कोट काढायलाही वेळ दिला नाही. उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं, राखाडी खुर्चीपासून.

ब्रिनचा आधी विश्वासच बसेना. मग बसला, आणि तिचे ओठ पांढरे पडले. "मी त्या डॉक्टरीणबाईंशी भांडले," ती हळू आवाजात म्हणाली. "त्या म्हणत होत्या, खुर्ची बघा. मी म्हटलं, खुर्ची एका जाणत्या बाईंनी निवडलीय, तुमच्याच व्यायामात काहीतरी चुकतंय." मग एकदम, "का पण? मी काय केलं होतं तुमचं?"

"काही नाही. मला हेवा वाटला."

"माझा?" ब्रिन हसली, पण ते हसणं ऐकवत नव्हतं. "वर्षभर उताणी पडून छत बघत होते मी. पोरीला उचलून घेता येत नव्हतं. कुणाला माझा हेवा वाटावा असं काय आहे माझ्याकडे?"

"तू मागितलंस आणि त्यांनी दिलं."

"मग तुम्ही मागायचं! मला कशाला शिक्षा?"

 आर्डिथ म्हणाली, "मला माफ कर." ब्रिननं मान हलवली नाही, ना हो अशी, ना नाही अशी. "खुर्ची बदलायला मी जाईन," शेवटी ती म्हणाली. "तुम्ही येऊ नका."

"व्हर्नला घेऊन जा. त्याच्यासारखं कुणाला कळत नाही. मी शपथेवर सांगते."

"बघते."

त्या संध्याकाळी आर्डिथनं बटाटे सोलता सोलता व्हर्नलाही सांगितलं. आता लपवून तरी काय उरलं होतं? तो रागावेल, निदान ओरडेल असं तिला वाटलं होतं.  तो जेवला, भांडी धुतली आणि गॅरेजमध्ये जाऊन बसला. शनिवारी ब्रिनची गाडी दारात आली तेव्हा टोपी घालून निघून गेला.

परत आला तो खुलून. टोपी काढायच्या आधीच सांगायला लागला. "मिळाली बघ, तीच राखाडी! हिरवी त्यांनी कुरकुर न करता परत घेतली. काय सांगू, आर्डिथ, त्या पोरीला समज आहे. एकदा सांगितलं, कंबर मागं सरकव, मग टेक, की लगेच कळलं तिला. काय सुरेख बसली! मी दोन बोटं घालून बघितली, गुडघ्यामागं अगदी नेमकी जागा. हात टेकायच्या दांड्यासुद्धा मीच लावून दिल्या. मला कॉफी पाजली तिनं."

 आर्डिथला हसावं की रडावं कळेना. स्वतःच्या करणीनं तोंड काळं झालं होतं, माफी मागून झाली होती, आणि तरी मनात पुन्हा तोच हेवा! तोही कशावरून, तर नवऱ्यानं परक्या पोरीच्या गुडघ्यामागची बोटं मोजली म्हणून.

"माझी पाठ कधी बघितली होतीस का एवढ्या मन लावून?" ती म्हणाली.

व्हर्न टोपी हातात धरून उभा राहिला. त्याचा खुललेला चेहरा मावळला. "तू कधी टेकवलीस?" त्यानं विचारलं. चिडून नाही. खरोखरच विचारल्यासारखं.

ब्रिन कायम झाली. जूनमध्ये चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये आर्डिथला निरोप दिला, हॅमचे बन आणि केक ठेवले, पाळक बोलले, गेरिट दोन वाक्यं बोलून बसला. ब्रिन आली होती. सगळ्यांसारखा तिनं हात हातात घेतला, "तुमच्याकडून पत्रक छापायला शिकले," एवढंच म्हणाली, आणि हात लवकर सोडला. ती ताठ चालत होती. उठताना टेबलाला धरत नव्हती. आर्डिथला ते बघून बरं वाटलं. हे तिनं स्वतःला दोनदा तपासून विचारलं, आणि बरंच वाटलं होतं.

पुढच्या आठवड्यात तिनं गाडी काढली आणि एकटीच त्या दुकानात गेली. हिरवी खुर्ची जागेवर नव्हती.

"गेली ती," ड्वेन म्हणाला. त्यानं तिला ओळखलं होतं, पण तसं दाखवलं नाही. "शेजारच्या हॉलंड गावचे एक दातांचे डॉक्टर घेऊन गेले. उंच गृहस्थ."

कधी न पाहिलेल्या त्या दातांच्या डॉक्टरचा आर्डिथला असा काही हेवा वाटला की ती रांगेतल्या एका खुर्चीला धरून उभी राहिली. डोळ्यांसमोर आला, तो त्या हिरव्या पाठीला टेकून पाय पसरून बसलेला. मेला! मग तिचं तिलाच नवल वाटलं. ती वळून दारापर्यंत गेली. काचेत तिला दिसलं, एक उंच बाई, एक खांदा खाली, कंबर किंचित वाकडी. तशी ती थोडा वेळ उभी राहिली आणि परत आली.

"मला खुर्ची हवीय," ती ड्वेनला म्हणाली. "मलाच. माझी कंबर दुखते. फार दुखते, कितीतरी वर्षं. माझं माप घ्या, आणि तुम्ही सांगाल ती बसून बघते. या वेळी तुम्हाला मधेच तोडणार नाही."

ड्वेननं तिला जवळजवळ सगळ्या दुकानात फिरवलं. पहिल्या काही खुर्च्यांवर ती अवघडून कडेला बसली, जणू कुणी उठ म्हणायची वाट बघत. "मागं सरका, बाई," तो म्हणत राहिला. "अजून. खुर्ची पळून जात नाही." अखेर तपकिरी रंगाची एक सापडली. हिरवीइतकी मऊ नव्हती, पण तिचा आधार नेमका होता. तिनं ती घेतली. कुणी बघतंय का असं मागं वळून न बघता गाडीत चढवून घेतली.

घरी व्हर्ननं ती खिडकीशी, तिच्या पत्रं लिहायच्या टेबलापुढं लावली. बैठक वर-खाली करून दिली, फुगवटा सरकवला, दोन बोटं घालून गुडघ्यामागची जागा बघितली आणि समाधानानं मान हलवली. आर्डिथ हात धुऊन कॉफी घेऊन आली, तर तोच खुर्चीत बसला होता, पाय पसरून, वर्तमानपत्र उघडून.

"काय झकास आहे गं ही!" तो म्हणाला.

आर्डिथ दोन्ही कप हातात धरून उभी राहिली. आजवर अशी वेळ आली की ती बाजूच्या कुठल्या तरी स्टुलावर बसून घ्यायची.

"ऊठ," ती म्हणाली.

"अं?"

"ऊठ म्हटलं, व्हर्न. माझी आहे ती."